बारा हजारांत प्रवासाला कुठली लेन्स? (बदामी-हंपी, दिवाळीची सुट्टी)

कंदीलवाली
नमस्कार मंडळी. वर्षभर नुसतं वाचत होते, पहिल्यांदाच धागा काढतेय, सांभाळून घ्या.

दिवाळीच्या सुट्टीत सांगलीहून गाडीने बदामी, पट्टदकल, ऐहोळे आणि पुढे हंपी असं पाच दिवसांचं ठरलंय. सोबत नवरा, सासूबाई आणि नऊ वर्षांचा मुलगा. दोन वर्षांपूर्वी मावसभावाने त्याचा कॅनन १५००डी कॅमेरा दिला, १८-५५ मिलिमीटरच्या किट लेन्ससकट (कॅमेऱ्याबरोबर मिळते ती; मिलिमीटरचा आकडा मोठा तेवढं लांबचं जवळ येतं). तेवढ्यावरच चाललंय. आता भिशी लागलीय, त्यातले बारा हजार मी माझ्यासाठी बाजूला काढलेत. बारा म्हणजे बाराच. साडेबारा झाले की घरात "आता हे कशाला" सुरू होतं.

काय काय हवंय ते लिहिते, हसू नका. लेण्यांतल्या अंधारात फोटो हलू नयेत. खांबांवरचं कोरीव काम जवळून मिळावं. मुलाच्या फोटोत मागचं छान धूसर व्हावं. तळ्यावर पक्षी दिसलेच तर तेही. दुकानात विचारलं तर म्हणाले, मॅडम १८-४०० घ्या, सगळं येतं. किंमत ऐकली, त्यांच्याकडचंच पाणी प्यायले आणि परत आले.

शेंगदाणा
एका लेन्समध्ये सगळं येतं की. तिला मोबाइल म्हणतात.

कंदीलवाली
शेंगदाणा, आहे मोबाइल. मुलगा त्यावर गेम खेळत असतो, म्हणून तर कॅमेरा.

पायपीट
१८-४०० ला एवढंही घाबरू नका. माझी टॅमरॉनची चार वर्षं गळ्यात आहे. लेन्स बदलायची भानगड नाही, सेन्सरवर धूळ नाही, बायको "झालं का?" विचारायच्या आत फोटो झालेला असतो. पण खरं सांगायचं तर ती ७१० ग्रॅमची आहे. तुमचा १५००डी पावणेपाचशे ग्रॅमचा. म्हणजे पाच दिवस सव्वा किलो मानेवर. शिवाय ४०० ला तिचं तोंड एफ ६.३ च्या वर उघडत नाही (एफचा आकडा लहान तेवढं तोंड मोठं आणि उजेड जास्त), लेण्यात हात टेकावे लागतात. आणि वापरलेलीसुद्धा बारात मिळणार नाही. तेव्हा मी सुचवत नाहीये, नुसता त्या दुकानदाराची बाजू मांडतोय.

जुनाट_निकॉन
ताई, लेन्स विकत घेण्याआधी एक काम करा, फुकटचं आहे. दोन वर्षांतले तुमचे फोटो कॉम्प्युटरवर उघडा. प्रत्येक फोटोच्या माहितीत तो किती मिलिमीटरवर काढला ते असतं. वहीत तीन रकाने पाडा: १८, ५५ आणि मधले. काड्या मारत बसा. नुसते राखलेले फोटो मोजा, उडवलेले नकोत. आणि मोजता मोजता "इथे काहीतरी कमी पडलं होतं" असं वाटेल तिथे काय कमी पडलं ते लिहा: जागा, उजेड की अंतर.

"पन्नासची घ्या", "वाइड घ्या" (म्हणजे जास्त मावणारी) असं सांगणारे आता येतीलच. ते सगळे त्यांना काय कमी पडलं ते सांगतात. (मीसुद्धा. माझ्याकडे सात लेन्सा आहेत, त्यातल्या पाच दुसऱ्याचं ऐकून घेतलेल्या.)

सहजच
आलोच मी. पन्नासची घ्याच! ५० मिमी एफ १.८ एसटीएम (हे फोकसच्या मोटरचं नाव). १६० ग्रॅम, खिशात मावते, वापरलेली पाच-साडेपाच हजारांत मिळते. मुलाचे असे फोटो येतील की किट लेन्स माळ्यावर टाकाल. किट लेन्स म्हणजे सायकलबरोबर मिळणारा पंप हो, असतो म्हणून असतो.

अंधारखोली
सहजच, तुमच्या पंपाबद्दल थोडं बोलायचंय. मी संभाजीनगरचा. पाहुणे आले की वेरूळ-अजिंठा ठरलेलं, त्यामुळे अंधारातले फोटो हा माझा छंद कमी आणि पाहुणचार जास्त आहे.

कंदीलवाली, आधी लेन्सवर आयएस ही अक्षरं आहेत का बघा, म्हणजे हाताची थरथर सावरणारी सोय. असतील तर तुमच्या हातातली किट लेन्स लेण्यांसाठी लोक म्हणतात तेवढी वाईट नाही. लोक फक्त एफचा आकडा बघतात. समजा खांब पूर्ण बसावा म्हणून तुम्ही २४ मिमीवर उभ्या आहात. तिथे किट लेन्स साधारण एफ ४ पर्यंत उघडते. कॅननची ती बिस्किटाएवढी २४ मिमीची एफ २.८ लेन्स घेतली तर तिथे उजेड मिळतो दुप्पट, म्हणजे एकच स्टॉप. पण तिच्यात आयएस नाही. १५००डी वर २४ मिमी हातात धरून फोटो हलू नये यासाठी शटर सेकंदाच्या चाळिसाव्या भागात तरी मिटावं लागतं. आयएसवाल्या किट लेन्सने मी सेकंदाच्या आठव्या भागावर ठीक फोटो काढतो, खांबाला खांदा टेकवून, श्वास सोडून. कंपनी चार स्टॉप सांगते, माझ्या हाताला सव्वादोन-अडीच मिळतात. तरीही नफा किट लेन्सचाच.

म्हणजे नटराज हलत नाही तोवर आयएस पुरतं. मूल हलतं तेव्हा आयएसचा काही उपयोग नाही. तिथे एफ १.८. शाळेच्या गॅदरिंगला ५५ वर एफ ५.६ असेल तर त्याच स्टेजवर पन्नासची लेन्स जवळजवळ दहापट उजेड आत घेते. किट लेन्सला जिथे आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील, तो आकडा) ६४०० लागतो तिथे ही साडेसहाशेत भागवते. त्यामुळे सहजचही बरोबर आहेत, फक्त ते गॅदरिंगचं सांगतायत आणि तुम्ही लेण्यात निघालात.

ट्रायपॉड नेऊ नका. पुरातत्त्व खात्याच्या जागी त्याला परवानगी लागते, सुट्टीत ते लफडं कशाला. बॅगेवर कॅमेरा ठेवा, दोन सेकंदांचा टायमर लावा, हात बाजूला घ्या.

सहजच
मान्य. पण पन्नासची घ्याच.

कंदीलवाली
जुनाट_निकॉन, काड्या मारल्या. दोन रात्री गेल्या. राखलेले फोटो ४१२. त्यातले १८ वर १७१, ५५ वर १४८, आणि मधल्या सगळ्या आकड्यांवर मिळून ९३. मला वाटायचं मी झूम फिरवते. मी तर नुसती या टोकाहून त्या टोकाला जाते!

कमी काय पडलं तेही लिहिलं. १८ वर "अजून मावायला हवं होतं" असे मोजून अकरा, त्यातले सहा घरातल्या बारशाचे. ५५ वरच्यांत मात्र साठाच्या वर असे निघाले जे मी नंतर कापून मोठे केलेत. कुठे देवळाच्या शिखरावरची मूर्ती, कुठे औदुंबरला पलीकडच्या काठावरचा बगळा, कुठे मुलगा सायकलवरून येताना. उजेड कमी पडलेले वीसेक, सगळे गॅदरिंगचे.

लेन्सवर आयएस आहे. आजवर ती अक्षरं दिसलीच नव्हती.

जुनाट_निकॉन
मग लेन्स तुम्हीच सांगितलीत की. ५५-२५०.

घाटमाथा
थांबा थांबा. हंपीला जाताय आणि वाइड नाही? १०-१८ घ्या, वापरलेली अकरा-बारात बसते. देवळं मावणार कशी?

अंधारखोली
वेरूळच्या कैलासला जात असत्या तर मीही १०-१८ म्हणालो असतो. तिथे चहूबाजूंनी कातळ, मागे सरकायला जागा नाही. हंपीचं तसं नाही, तिथे मागे जायला मोप जागा आहे. हिशोब सोपा आहे. तुमच्या कॅमेऱ्यावर १८ ला एक मीटरवरून साधारण सव्वा मीटर लांबीचं मावतं. विरूपाक्षाचं मोठं गोपुर पन्नासेक मीटर उंच. कॅमेरा उभा धरून चाळीस मीटर मागे गेलात की बसलं. समोर अख्खी बाजारपेठेची वाट मोकळी पडलीय, चारशे मीटर मागे जा. मंडपात आत अडलात तर कॅमेरा उभा धरून शेजारशेजारचे तीन-चार फोटो काढा आणि घरी जोडा, तेही फुकट.

आता दुसरं टोक. २५० ला एक मीटरवरून नऊ सेंटिमीटर रुंदीचं मावतं. म्हणजे पाच मीटर वर असलेल्या मूर्तीचा नुसता चेहरा आणि खांदे. बदामीच्या तिसऱ्या लेण्यात खांबांच्या वरच्या अंगाला जी जोडपी कोरलीत ती ५५ ने हाताच्या बोटाएवढी येतात. मागे पळून उपयोग नाही आणि वर चढू देत नाहीत.

घाटमाथा
चारशे मीटर मागे जायचं आणि मुलाला पुढे एकटं सोडायचं होय. बरं, पटलं.

तिरफळ
५५-२५० ठरली असेल तर माझं ऐका, कारण मी ठेच खाल्लीय. रत्नागिरीत राहतो. तीन वर्षांपूर्वी हीच लेन्स जाहिरात बघून कुरियरने मागवली, न बघता. फोटोत काच चकचकीत. घरी येऊन मोबाइलची बॅटरी मागून मारली तर आत कडेला पांढरे तंतू, कोळ्याने नुकतं जाळं धरावं तसे. बुरशी. विकणाऱ्याने नंबर ब्लॉक केला. साफ करायला विचारलं तर लेन्सच्या किमतीच्या निम्मे सांगितले.

तेव्हा समोर बसून घ्या आणि असं बघा. दोन्ही झाकणं काढा. एका बाजूने टॉर्च तिरका मारा, दुसऱ्या बाजूने डोळा लावा. सरळ मारू नका, सरळ उजेडात काही दिसत नाही. बारीक धूळ असणारच, तिने फोटोत फरक पडत नाही. तंतू किंवा फांद्या दिसल्या, किंवा काच दुधाळ वाटली, तर चहाचे पैसे देऊन उठा. मग कॅमेऱ्यावर चढवा. २५० ला नेऊन शटर अर्धं दाबा. आतून बारीक घरघर ऐकू येईल आणि दिसणारं चित्र एकदम स्थिर होईल, ते आयएस. तसं नाही झालं तर आयएस गेलेलं. शेवटी एखाद्या भिंतीवरच्या जाहिरातीचा सरळ समोरून फोटो काढा आणि चारही कोपरे मोठे करून बघा. एकच कोपरा गिचमीड असेल तर लेन्स कधीतरी पडलीय.

नावही वाचा. आयएस टू आणि एसटीएम अशा दोन ५५-२५० बाजारात सर्रास मिळतात. एसटीएम हजार-दीड हजार जास्त असली तरी तीच घ्या. फोकस शांत आणि चपळ आहे, आणि ८५ सेंटिमीटरपर्यंत जवळ जाता येतं. जुनीला १.१ मीटर लागतात.

शेंगदाणा
तिरफळ, तांदळाच्या डब्यात ठेवली तर बुरशी धरत नाही म्हणे?

तिरफळ
तांदळाची पूड लेन्समध्ये जाते आणि टोके कॅमेऱ्यात. हवाबंद डबा घ्या, सिलिका जेलच्या पुड्या टाका. निळ्याचे दाणे गुलाबी झाले की तव्यावर मंद आचेवर परत निळे करा. त्या तव्यावर मग पोळी करू नका. आणि वापरा हो लेन्स, उन्हात बाहेर काढा. कपाटात बंद ठेवलेली पहिली जाते.

दूरदेशी
मी टोरंटोला असते, डिसेंबरात पुण्याला येतेय. इथून नवी आणू का? वेळेत बसत नाही हे कळतंय, पण पुढच्या वेळेसाठी कुणाला हवी असेल तर.

पायपीट
आणा, पण इथे बिघडली तर वॉरंटी लागेलच असं धरू नका. आणायचंच असेल तर मेपल सिरप.

गोगलगाय२०
धागा पळवतोय, माफी. माझ्याकडे निकॉन डी३४०० आहे, मामाने त्याची जुनी ५० मिमी एफ १.८डी दिली. फोकस होतच नाही. लेन्स गेली का?

जुनाट_निकॉन
गेली नाही. त्या डी लेन्सांना फोकससाठी कॅमेऱ्यातली मोटर लागते, डी३४०० मध्ये ती नाही. हाताने कडं फिरवून फोकस करा, व्ह्यूफाइंडरच्या कोपऱ्यात हिरवा ठिपका पेटला की झालं. विकत घ्याल तेव्हा एएफ-एस लिहिलेली घ्या, तिच्यात मोटर आतच असते. मामांना मात्र थँक्यू म्हणा, लेन्स गोड आहे.

कंदीलवाली
घेतली! ५५-२५० एसटीएम, साडेसात हजार. कोल्हापूरच्या एका गृहस्थांनी पूर्ण फ्रेमच्या (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर उडी मारलीय, त्यांना आता ही चालत नाही. स्टँडसमोरच्या हॉटेलात भेटलो. मी टॉर्च काढला तेव्हा ते जरा चपापले, मग म्हणाले, "बघा बघा, तिरका मारा." समोर जाहिरातीची भिंत नव्हती, म्हणून हॉटेलचा दरफलक काढला. चारही कोपऱ्यांतली मिसळ, कट, ताक, सोलकढी स्वच्छ वाचता आली.

उरलेल्यात जादा बॅटरी आणि ३२ जीबीचं कार्ड घेतलं. तरी दोन हजारांच्या आसपास शिल्लक, ती सांगितलेली नाही.

सहजच
ती साठवा. पन्नासची अर्धी झालीच.

कंदीलवाली
(तीन आठवड्यांनी) आलो परत. तुम्ही सगळ्यांनी एवढं लिहिलंत म्हणून सविस्तर लिहिते, फोटो चढवायला मात्र रविवार उजाडेल.

बदामीला सकाळी उघडल्या उघडल्या गेलो. पहिल्या लेण्यातला अठरा हातांचा नटराज बाहेरच्या अंगाला आहे, तिथे उजेड भरपूर, किट लेन्सने झाला. तिसऱ्यात गेल्यावर नवी चढवली. हे लेणं इसवी सन ५७८ चं, तसा लेखच आहे तिथे. वर बघितलं आणि अंधारखोली, तुमची ती जोडपी दिसली. आधी सगळे फोटो हलले. माझं चुकत होतं ते असं की मी मान वर करून, हात हवेत धरून काढत होते. मग सरळ खाली बसले, पाठ खांबाला लावली, कोपरं गुडघ्यांवर टेकवली. १८० मिमी, एफ ५.६, आयएसओ १६००, सेकंदाचा चाळिसावा भाग. एका बाईचा हात जोडीदाराच्या खांद्यावर आहे, तिच्या बोटांची पेरं मोजता येतात. नुसत्या डोळ्यांनी मला तिथे हात आहे एवढंच कळलं होतं. सासूबाईंना मागच्या पडद्यावर दाखवलं तर त्या पुढचा अर्धा तास प्रत्येक खांबाखाली मला बोलवत होत्या, "हिचं पण काढ, हिच्या कानात बघ काय आहे."

तिथेच नुकसानही झालं. लेन्सचं झाकण मांडीवर ठेवलं होतं. बदामीची माकडं प्रसिद्ध आहेत हे सगळ्यांनी सांगितलं होतं, मी बिस्किटं लपवली होती. माकडाने झाकण उचललं, चावून बघितलं आणि वर कड्यावर घेऊन गेलं. त्याचा फोटो आहे, २५० वर, झाकणावरची कॅनन अक्षरं वाचता येतात.

हंपीत वाइड लागली नाही. म्हणजे एकदा लागली, विठ्ठल मंदिराच्या मंडपात, तिथे चार उभे फोटो जोडले. एक खांब वाकडा जोडला गेलाय. दगडी रथापाशी मुलाला पन्नासची नोट हातात लांब धरायला लावली, नोटेवर तोच रथ आहे ना. १८ वर, एफ ११ ला नेलं तेव्हा नोट आणि रथ दोन्ही स्पष्ट आले. सासूबाई गाभाऱ्यात मूर्ती नाही म्हणून हळहळल्या. इथला विठोबा संत भानुदासांनी परत पंढरपूरला नेला असं आपल्याकडे सांगतात, ते त्यांनी मुलाला तिथेच पायरीवर बसून सांगितलं, तो फोटो मला सगळ्यांत आवडलाय आणि तो किट लेन्सचा, ५५ वर. मागचं पुरेसं धूसर झालंय. सहजच, वाचताय ना?

मातंग टेकडीवर पहाटे मी आणि नवराच गेलो. खाली अच्युतरायाचं देऊळ आहे, धुक्यातून त्याची गोपुरं एकामागे एक निघत होती. २५० ने ती सगळी जवळ ओढल्यासारखी येतात, मधली झाडं चपटी होऊन. या एका सकाळीत साडेसात हजार वसूल.

पायपीट, तुमचंही एक कबूल करते. तुंगभद्रेवर गोल टोपल्यांच्या होड्या असतात ना, आमच्या शेजारच्या होडीवाल्याने गरागरा फिरवायला सुरुवात केली आणि माझ्या कॅमेऱ्यावर २५० चढलेली. बदलेपर्यंत होडी थांबली, लोक उतरलेसुद्धा. नवरा म्हणाला, "दोन कॅमेरे घे." मी ऐकून ठेवलंय.

अंधारखोली
विरूपाक्षाच्या मागच्या अंधाऱ्या खोलीत गेला होता की नाही?

कंदीलवाली
गेलो! भिंतीतल्या भोकातून गोपुराची उलटी सावली पलीकडच्या भिंतीवर पडते ते. कॅमेरा कठड्यावर ठेवून टायमरने काढली, पुसट आलीय. मुलाने विचारलं ह्या भोकाला कितीची लेन्स आहे. लेन्स नाही म्हटल्यावर त्याचा विश्वास बसेना, भोकात डोळा घालून बघून आला.

घाटमाथा
वाकडा खांब दाखवा आधी.

तिरफळ
झाकण ५८ मिमीचं लागेल. तुमच्या किट लेन्सचंही ५८ च आहे, तोवर तेच आलटून पालटून लावा. माझ्या त्या बुरशीवाल्या लेन्सचं नुसतंच पडलंय डब्यात. रत्नागिरीहून सांगलीकडे कुणी जाणार असेल तर सांगा, देतो पाठवून.